मशीन सुरू होईपर्यंत

भोपाळहून रायपूरला जे आलं ते सगळं राज्याच्या वाटणीत आलं. खुर्च्या आल्या, कपाटं आली, पंखे आले, काही कर्मचारी आले आणि एक सर्व्हर आला. संगणक सांभाळणारा जयंत देऊळकर मात्र वाटणीत आला नव्हता. तो मागून आला, प्रतिनियुक्तीवर, एका वर्षासाठी. अर्जात त्याने 'नव्या राज्याच्या उभारणीत योगदान' असं कारण लिहिलं होतं. खरं कारण रायपूरच्याच बूढ़ापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत रेडिओ ऐकत बसलेलं असायचं.

ते म्हणजे त्याचे वडील, नरहरी देऊळकर. रेल्वेतली नोकरी संपली आणि मागोमाग काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. पण बूढ़ापाऱ्यातलं घर त्यांना बोटांनी पाठ होतं. मोरी, उंबरा, माठ, खिळ्यावरची छत्री, सगळं. आई गेल्यावर जयंतने त्यांना भोपाळच्या क्वार्टरमध्ये नेऊन पाहिलं. तिथे एके दिवशी ते मोरी समजून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे राहिले. सुनेत्राने, म्हणजे सुनेने, काही न बोलता फरशी पुसली. ती बोलली असती तरी चाललं असतं. त्यानंतर नरहरी जागचे हलेनात, जेवायचंही भिऊन जेवत. शेवटी एकदा म्हणाले, "मले घरी नेऊन सोड बाप्पा. इथं मी खरंच आंधळा झालो."

म्हणून रायपूर. वर्ष संपत आलं होतं आणि मुदतवाढ संचालकांच्या हातात होती. संचालकांना वाटणीत आलेलं ते सर्व्हरचं मशीन सुरू झालेलं हवं होतं.

मशीन सुरू होत नव्हतं. म्हणजे दिवे लागत, पंखे घोंघावत, खोलीभर विमानतळासारखा आवाज होई. जयंत ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी घाले. निळा पडदा येई, भाषा विचारी, आदराने पुढे जाई, आणि मग सांगे की या मशीनमध्ये हार्ड डिस्क सापडली नाही. डिस्का समोर होत्या. मोहरीएवढ्या हिरव्या दिव्यांनी लुकलुकत होत्या. जयंतने केबल बदलली, कार्ड काढून पुसून दुसऱ्या खाचेत बसवलं, मेमरीची एकेक पट्टी काढून पाहिली. निळा पडदा आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला.

"सर, हे आतून डोळे मिटून बसलं आहे," शेजारच्या टेबलावरच्या विजयाताई म्हणाल्या. त्या नकला देणाऱ्या लिपिक, मूळच्या गोंदियाच्या, आणि कार्यालयातल्या लोकांत जयंतशी मराठीत बोलणाऱ्या एकट्या. "तिकडून कोणी करणी करून तं नाही ना पाठवलं?"

करणी नव्हती, न्याय होता. मशीन उघडून दोन दिवस पाहिल्यावर जयंतला तो कळला. भोपाळच्या कार्यालयात दोन सर्व्हर होते, एक जुना, एक नवा. नवा कोणाला द्यायचा? ज्याला जुना मिळेल तो राज्य वेगळं होता होताच रडणार. तेव्हा वाटणी समितीने तोडगा काढला: दोन्ही उघडा आणि अर्धा नवा, अर्धा जुना अशी दोन मशीनं करा. डबा नवा तर मदरबोर्ड जुना, मदरबोर्ड जुना तर डिस्कांचं कार्ड नवं. कोणावर अन्याय नाही. प्रत्येक भाग उत्तम होता. फक्त भाग एकमेकांशी बोलत नव्हते. डिस्का या कार्डाला जोडलेल्या होत्या, आणि जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला हे नवं कार्ड ओळखीचंच नव्हतं. ओळख करून देणारा प्रोग्राम एका फ्लॉपीत असतो आणि सीडी सुरू होताना तो वेळेवर पुढे करावा लागतो. फ्लॉपी भोपाळात होती. इंटरनेटवर शोधावं तर कार्ड बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने गिळली होती आणि जुनं पान उडालं होतं.

हे सरळ सांगता आलं असतं. अडचण एकच होती. त्या वाटणी समितीचे अध्यक्ष आता रायपूरला संचालक होते: शालिग्राम चौबे. वाटणीचा हा तोडगा ते अजून पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवत.

"देऊळकर जी," चौबे साहेबांनी विचारलं, "मशीन क्यों नहीं चल रही?"

"सर, पार्ट्स आपस में मेल नहीं खा रहे."

साहेबांनी कप बशीत ठेवला. "मतलब बँटवारे में गड़बड़ी हुई?"

जयंतला भोपाळच्या स्वयंपाकघराचा कोपरा दिसला. "नहीं सर. बँटवारा बिलकुल सही है. मशीन ही ज़रा ज़िद्दी है."

"मैं भी यही कहता हूँ," साहेब खूश झाले. "समय लगेगा. आपसे बेहतर कौन समझेगा?" आणि आठवड्यात आदेश आला: श्री. देऊळकर यांची प्रतिनियुक्ती सर्व्हर कार्यान्वित होईपर्यंत वाढवण्यात येत आहे.

जयंतने आदेश वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. त्या संध्याकाळी घरी जाताना त्याने जिलेबी नेली. नरहरींनी विचारलं, "काहून रे, काही चांगलं झालं का?" तो म्हणाला, "हव बाबा. मशीन बिघडलं."

ते हसले. त्यांना वाटलं पोट्टा गंमत करून राहिला.

गंमत मंदाकिनीबाईंना मात्र पचत नव्हती. त्या पुरानी बस्ती मोहल्ल्यातल्या; नवरा सरकारी नोकरीत असताना वारलेला; वर्षभर या कार्यालयाच्या बाकावर बसून त्यांना बाकाची सवय झाली होती. नवऱ्याच्या सेवेच्या नोंदीची नक्कल मिळाली की मुलाला अनुकंपेवर नोकरी लागणार होती. नोंद होती एका टेपेवर. टेप होती विजयाताईंच्या कपाटात. टेप वाचणारं होतं ते मशीन.

"मशीन चालू झालं का बाई?"

"नाही अजून. पुढच्या सोमवारी पाहा," विजयाताई म्हणाल्या.

"अवं, पोट्ट्याचं वय निघून चाललं नं. मी काही म्हणत नाही. मशीनले काय म्हणाव?" आणि जयंतकडे पाहून, "भैया, तुमी तरी तेच्या कानात सांगा."

जयंतने मान हलवली. त्याला मंदाकिनीबाईंकडे पाहायचं नव्हतं, म्हणून त्याने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला होता: फ्लॉपी को चुंबक से दूर रखें, वरना सब मिट जाएगा.

भोपाळहून सुशीलचा फोन आला तो शनिवारी. सुशील म्हणजे जयंतचा जुना सहकारी, मशीनच्या दुसऱ्या अर्ध्याची चाकरी करणारा.

"अरे, फ्लॉपी सापडली तुझी! पंख्यांच्या खोक्यात होती. पाठवून राहिलो अमरकंटक एक्सप्रेसनं, ओळखीचा गार्ड आहे."

"कॉपी काढून ठेव एक," जयंत म्हणाला. हे का म्हणालो, ते त्यालाही नीट कळलं नाही.

"कशात काढू? आमच्या इथली फ्लॉपी ड्राइव्ह तुमच्या वाट्याले गेली नं. फ्लॉपी आमच्याकडे, ड्राइव्ह तुमच्याकडे. काय न्याय केला रे तुह्या साहेबानं!"

रविवारी जयंत स्टेशनवर गेला. गार्डाने पाकीट दिलं, वर सुशीलच्या हातचं 'नाज़ुक' लिहिलेलं. स्कूटरवरून येताना बूढ़ा तलावाजवळ तो थांबला. काहीही कारण नसताना एक चहा प्यायला. मग आणखी एक.

घरी नरहरी दाढी करत होते. आरशाची गरज नव्हती, म्हणून ते रेडिओसमोर बसत. रेडिओचं मागचं झाकण कधीच गेलं होतं आणि स्पीकरचा जाडजूड लोहचुंबक उघडा पडला होता. त्यावर नरहरी आपलं ब्लेड, दोन सेफ्टीपिना, सुई असं सगळं चिकटवून ठेवत. हात नेला की मिळे.

जयंतने पाकीट फाडलं. फ्लॉपी हातात घेतली. कपाटावर जागा होती, टेबलावर होती, खिशात तर होतीच. त्याने ती रेडिओवर ठेवली, मागच्या कडेला.

"काय ठेवलं रे?" नरहरींचा हात आलाच. बोटांनी चौकोन चाचपला. "कामाचं हाये का?"

"भोपाळहून आलं, बाबा. उद्या पाहतो."

"मग पडेल नं असं कडेला." त्यांनी फ्लॉपी उचलली, रेडिओमागे नेली आणि ब्लेडाशेजारी, चुंबकाला अगदी टेकवून खोचून ठेवली. "इथं असू दे. इथली चीज हरपत नाही."

जयंत उभा राहिला. एक पाऊल पुढे टाकलं. हात लांब केला असता तर पुरला असता.

"बाबा," तो म्हणाला.

"काय?"

"गालावर साबण राहिला."

त्याने टॉवेलने वडिलांचा गाल पुसला. मग आत जाऊन आंघोळीचं पाणी ठेवलं आणि ते तापेपर्यंत तिथेच उभा राहिला.

सोमवारी त्याने सगळं नियमाप्रमाणे केलं. सीडी घातली, वेळेवर योग्य ते बटण दाबलं, फ्लॉपी सरकवली. ड्राइव्हने कर्र केलं, पुन्हा कर्र केलं, घसा साफ करणाऱ्या म्हाताऱ्यासारखं बराच वेळ केलं. मग पडद्यावर आलं, ही फ्लॉपी वाचता येत नाही. जयंतने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मनापासून केला, हे त्यात जास्त वाईट होतं.

"नाही?" विजयाताईंनी विचारलं.

"नाही."

"प्रवासात खराब झाली असंल."

"असंल."

बाकावरून मंदाकिनीबाई उठल्या. पदर सारखा केला, पिशवीतून मंदिराचा साखरफुटाण्यांचा प्रसाद काढला, चार दाणे विजयाताईंना दिले, चार मशीनवर ठेवले आणि उरलेले जयंतच्या तळहातावर.

"असू द्या भैया. तुमी मेहनत घेऊन राहिले, मले दिसते नं." मग काहीतरी आठवल्यासारखं दारातून वळल्या. "तुमची बदली तं नाही ना होत मधातच? नवा माणूस आला की पुन्हा पयल्यापासून सांगा लागते."

जयंतच्या मुठीत साखरफुटाणे ओले होत होते.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "मशीन सुरू होईपर्यंत मी इथंच आहे."

"मग चिंता नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि पुढच्या सोमवारी येण्यासाठी निघून गेल्या.