सगळेच हातबॉम्ब निळे

जुन्या लष्करी वस्तूंच्या दुकानदाराने सकाळी टोपलीभर हातबॉम्ब तपासले. सगळे सरावाचे: बुडाला भोक, आत पोकळ, खटक्याखालची स्प्रिंग काढलेली. एकच बिनभोकाचा, जड, स्प्रिंगसकट. म्हणजे खरा. तो अलगद बाजूला ठेवून तो पोलीस ठाण्यात गेला. संध्याकाळी नाटक कंपनीचा माणूस माल न्यायला येणार होता. युद्धाच्या प्रवेशात नट ते एकमेकांवर फेकणार होते.

"बॉम्बनाशक पथक पाठवतो," हे ऐकून परत आला, तर मेहुणा ब्रश धूत होता. टोपलीत सगळे निळे. बाजूला ठेवलेलाही त्यांच्यातच.

"सरावाचे निळेच असतात ना, भाऊजी? एक बिचारा एकटा पडला होता."

"भोकं कुठायत?"

"सिमेंट भरलं. हातात जरा वजन नको?"

दुकानदाराने अशी कानाखाली वाजवली, की ब्रश जाऊन छताला चिकटला. मेहुण्याने हाताला लागेल ते फेकून मारलं. टोपली शेजारीच असल्यामुळे हाताला हातबॉम्बच लागला. फुटलं ते दुकानदाराचं कपाळ.

"हा सरावाचा," डोळ्यातलं रक्त पुसत तो म्हणाला, आणि तोच परत फेकला. मेहुण्याचे पुढचे दोन दात गेले.

"ताईला सांगेन."

"सांग. दात वेचून घे आधी."

मग तपासणीला वेग आला. एक गुडघ्यावर सरावाचा निघाला, एक बरगडीवर, एक काचेच्या कपाटातून आरपार जाऊन. शेवटचा मेहुण्याने उगारला, तेव्हा दुकानदाराने त्याचं मनगट पिरगाळलं. पिनेची तार निसटली.

"भाऊजी, खटका हाताला ढकलतोय."

स्प्रिंग.

खटका सुटून बॉम्ब फुटू नये म्हणून दुकानदाराने दोन्ही हातांनी ती मूठ आवळली. हात अडकल्यामुळे बाकीचं भांडण लाथांनी चालू राहिलं. पथक आलं तेव्हा मेहुण्याची मूठ उघडेना. एक बोट मोडून हातबॉम्ब सोडवावा लागला. मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी तो उडवला. गल्लीतल्या काचा खाली आल्या, दुकानाचं शटर आत वाकलं.

नाटकवाला वाकून आत आला. रक्ताळलेल्या टोपलीकडे, मग दोघांकडे बघत राहिला.

"सगळे तपासलेत ना?"

"एकेक," मेहुणा बोबड्या तोंडाने म्हणाला.