बाई अमान

गिझलानचं नाव गावात आठवड्याच्या आतच बदललं, आणि त्यात गावाची चूक नव्हती. चूक सगळी तिचीच होती.

तेवीस वर्षांची मुलगी. खुरिब्ग्याच्या सपाट माळावर वाढलेली, घरीदारी अरबी बोलणारी. बालवाडीची बाई होण्यासाठी चार महिने शिकली, दोन जाड वह्या भरल्या आणि संस्थेने तिला ॲटलासच्या डोंगरातल्या या गावात तीन महिन्यांच्या बोलीवर पाठवलं. तीन महिन्यांनी तपासनीस येणार. त्यांना काम पटलं तर कायम, नाही तर कासाब्लांकाच्या शिवणकारखान्यात मोठ्या बहिणीच्या शेजारचं यंत्र. बहिणीने यंत्र सांगूनसुद्धा ठेवलं होतं. गिझलानला यंत्र नको होतं, मुलं हवी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काही इतकं हवं होतं.

मुलं अठरा होती आणि एकाच्याही घरी अरबी बोलत नव्हते. डोंगरातली भाषा वेगळी, जुनी, अमाझिग लोकांची. "चार दिवसांत उचलतात हो पोरं," असं संस्थेतल्या माणसाने तिला सांगितलं होतं. तो स्वतः डोंगर चढून कधी आला नव्हता, हे सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी इत्तो नावाची चार वर्षांची मुलगी दाराजवळच्या पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिली. रबरी बूट उलटसुलट पायांत घातलेले, नाक वाहतंय. गिझलानकडे बघून ती स्वच्छ म्हणाली, "अमान."

गिझलानच्या काळजाचं पाणी झालं. अरबीत अमान म्हणजे अभय. मला सांभाळ, मला काही होऊ देऊ नकोस. चार वर्षांच्या पोरीने हे मागावं? तिने गुडघे टेकले, इत्तोला पोटाशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "अमान गं राणी, अमान. इथे तुला कोण्णी काही करणार नाही." इत्तोने थोडी सुटायची धडपड केली, मग अंग सैल सोडलं.

त्या दिवशी वहीत नोंद झाली: "इत्तो. घाबरट. घरी काय चालतं याची चौकशी करावी. जवळ घेतल्यावर शांत होते." 'शांत'खाली तिने रेघ ओढली. मुलाला आधी निर्धास्त वाटतं आणि मगच ते शिकतं, हे तिच्या पहिल्या वहीतलं पहिलं वाक्य होतं. आपण योग्य मार्गावर आहोत, याचं तिला फार समाधान वाटलं.

इत्तो असे तीन दिवस तेच म्हणत राहिली. शेवटी शेवटी रडत. तिचं बघून बासू, हद्दा आणि आणखी दोघं पिंपापाशी रांग लावून "अमान, अमान" करू लागली. गिझलानने सगळ्यांना एकेक करून कवटाळलं. किती मायेची भुकेली लेकरं, तिच्या मनात आलं.

पाचव्या दिवशी शेगडी पेटवायला लल्ला तुदा आली. लल्ला हा मानाचा शब्द; ही तुदा इत्तोची आत्या. शाळेची झाडलोट आणि दहा वाजताची भाकरी तिच्याकडे. बाजारात वावरलेली, त्यामुळे मोडकंतोडकं अरबी तिला यायचं. आल्या आल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गं पोरी, माझी भाची शाळेतून येते आणि अख्खी सुरई तोंडाला लावते. तुझ्या शाळेत पाणी मिळत नाही काय?"

"पिंप भरलेलं आहे, लल्ला. मुलं मागतच नाहीत, मी काय करू?"

तेवढ्यात बासू आला. "अमान."

गिझलानने हात पसरले आणि त्याला जवळ ओढलं.

"हे काय चाललंय?" तुदाने विचारलं.

"त्याला अभय हवंय. भीती वाटतेय त्याला."

तुदा लाकडांच्या ढिगावर मटकन बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अगं खुळे! अमान म्हणजे पाणी! पोरगं तहानेनं मरतंय आणि तू त्याला मिठ्या मारतेस!"

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या उतारावरून एका मेंढपाळाने शाळेकडे तोंड करून हाक मारली, "ओ बाई अमान! ये, तुला एक मिठी देतो, फार तहानलेली दिसतेस!" बायकांनी त्याला शिव्या घातल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

नावाचं एवढं काही नव्हतं. हसू चार दिवसांत ओसरलं असतं. पण इत्तो गप्प झाली.

गिझलान आता कुणी 'अमान' म्हणायच्या आत पेला पुढे करायची, आणि मन खात होतं म्हणून वर जवळही घ्यायची. आधी पाणी, मग मिठी, अशी शाळेची रीतच पडली. सगळी मुलं खूश. इत्तो पाणी प्यायची, मिठीत यायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. अरबीही नाही आणि तिची स्वतःची भाषाही नाही.

"घरी जात्यासारखी घरघर चालू असते तिची," तुदा म्हणाली. "इथेच काय होतं कोण जाणे."

काय होतं ते गिझलानला एका दुपारी कळलं. मुलं गेल्यावर ती पेले विसळत होती आणि एकदम तिचे हात थांबले. त्या पोरीने तीन दिवस स्पष्ट शब्दांत पाणी मागितलं होतं. तीन दिवस तिला दुसरंच काहीतरी मिळालं. मग तिने ओळखलं की इथे बोलून उपयोग नाही. गिझलानने आयुष्यात शिकवलेला हा पहिला धडा, आणि मुलीने तो एका झटक्यात शिकून टाकला होता. ती मोरीपाशी बसून भरपूर रडली. तिला रडू यायलाच हवं होतं.

दुसऱ्या सकाळी ती मुलांच्या गोलात, मुलांच्या चटईवर जाऊन बसली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "मला येत नाही. मला शिकवा."

भाकरी उचलली. "अघ्रूम!" पोरं ओरडली. हात वर केला. "फूस!" मांजराचं चित्र दाखवलं. "मुश!" मग तिने हात वर करून विचारलं, "मुश?" वर्गात हलकल्लोळ झाला. बासू तर डोक्याला हात लावून उभा राहिला. पालथ्या घड्यावर पाणी ओततोय अशी त्याची मुद्रा होती. त्याने दोन्ही भाषांचा काला करून तिला समजावलं, "मुश म्याँव करते! फूस म्याँव करतो काय?"

काही चुका ती मुद्दाम करायची, पुष्कळशा खऱ्याच व्हायच्या. पण एक गंमत झाली. या अडाणी बाईला शिकवायचं म्हणून पोरं जिथून मिळेल तिथून अरबी शब्द शोधून आणू लागली. जे तिने चित्रं दाखवून महिनाभरात उतरवलं नसतं, ते तिला सुधारण्याच्या नादात पंधरा दिवसांत त्यांच्या तोंडी बसलं. इत्तो शेगडीजवळ बसून बघायची. कधी कधी तिचे ओठ हलायचे. गिझलान तिला काहीही विचारायची नाही. विचारण्याचा हक्क आपण घालवलाय, असं तिला वाटायचं.

तीन महिने संपले आणि तपासनीस सी लहबीब, म्हणजे लहबीबसाहेब, आले. कासाब्लांकाचे, स्वच्छ कोट, हातात कागद. त्यांना बघून गिझलानच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मुलांना एकेक चित्र दाखवलं. सतरा मुलं बोलली, काही तर थांबेनात. इत्तोसमोर त्यांनी मांजराचं चित्र धरलं, मग भाकरीचं. इत्तो बघत राहिली.

"ही बोलत नाही? तीन महिने झाले, बाई."

मुलगी लाजाळू आहे, एवढं म्हणून भागलं असतं. जिभेवरही आलं होतं. पण गिझलान म्हणाली, "बोलत होती, साहेब. माझ्यामुळे गप्प झाली."

सी लहबीबांची भुवई वर गेली. कागदावर काहीतरी लिहिलं गेलं. "तुमच्यामुळे? ते कसं?"

ती सांगणार, तोच वारा फिरला. शेगडीच्या नळीतून धुराचा लोट उलटा खोलीत आला. सी लहबीबांना जोराचा ठसका लागला, डोळे लाल झाले, श्वास मिळेना.

इत्तो उठली. त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अमान?"

जवळजवळ तीन महिन्यांत शाळेतला पहिला शब्द.

सी लहबीब खोकता खोकता हसले, इत्तोच्या डोक्यावर हात ठेवला. "अमान, बेटा, अमान. घाबरू नकोस. मला काही झालं नाही."

गिझलानचा पाय पिंपाकडे निघाला होता. तिने तो महत्प्रयासाने आवरला.

इत्तोने साहेबांकडे बघितलं. मग वळून बाईंकडे बघितलं. साहेबांसारखाच चेहरा तिने आधी बाईंचा पाहिला होता. तिने मोठ्या माणसासारखा उसासा टाकला, पिंपापाशी गेली, पेला भरला, दोन्ही हातांनी सांभाळत आणला आणि अरबीत, सावकाश, आंधळ्याला वाट दाखवावी तशी म्हणाली, "ते नाही. हे अमान. पी."

साहेब प्यायले.

"बाईंना पण येत नव्हतं," इत्तोने त्यांची समजूत घातली. "आता येतं."

आणि रीत पूर्ण व्हायला हवी म्हणून तिने त्यांच्या गुडघ्यांना घट्ट मिठी मारली.

सी लहबीब रिकामा पेला हातात धरून, हलायचं की नाही हे न कळून उभे होते. "बाई, हे काय?"

गिझलानने सगळं सांगितलं, वहीतल्या रेघेसकट. ऐकता ऐकता त्यांना हसू आलं आणि हसण्याने पुन्हा ठसका लागला. या खेपेला सहा मुलं पेले घेऊन धावली.

निघताना त्यांनी कागदावर सही केली आणि दारात थांबून म्हणाले, "पुढच्या वर्षीही पिंप भरलेलं असू दे, बाई अमान."

म्हणजे ती राहणार होती. गिझलान दाराची चौकट धरून त्यांच्या गाडीची धूळ बसेपर्यंत उभी राहिली. तिच्या ओढणीचा पदर कुणीतरी खाली ओढला. इत्तो होती, बूट आजही उलटेच.

"बाई," ती म्हणाली, "अमान."

यातलं कुठलं मागतेय, हे गिझलानला कळलं नाही. तिने दोन्ही दिलं. आधी पाणी.