हरकत कुणाचीच नव्हती

एका रुग्णालयाच्या तळघरात ती नवजात बाळांच्या काचपेट्या दुरुस्त करायची. एकोणिसाव्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले होते, पण कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ठिकठिकाणचे तिच्यासारखे तंत्रज्ञ मिळून त्या पेट्यांची ऊब सांभाळणारा प्रोग्रॅम लिहीत. आठ वर्षं सगळी चर्चा ईमेलवर चालली, आणि तिथे ती कुणाहून कमी नव्हती.

मग नवा गटप्रमुख आला. "लिहीत कोण बसणार? बोललं की पाच मिनिटांत उरकतं," म्हणून त्याने दर आठवड्याला ऑनलाइन बैठक सुरू केली. तिने अडचण कळवली, तर उत्तर म्हणून नुसतं अंगठ्याचं चित्र आलं. बोलणं ऐकून पडद्यावर आपोआप उमटणारी अक्षरं निम्मी चुकीची. ओठ वाचावेत, तर सगळ्यांचे कॅमेरे बंद.

शेवटी सासूबाई कानाला हेडफोन लावून शेजारी बसू लागल्या. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या त्या बाईंना यंत्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वहीत त्या सगळं टिपून घ्यायच्या. "इथे सगळे हसले. का, देव जाणे," असंसुद्धा.

एका बैठकीत त्यांनी लिहिलं, "तापमानाची दुसरी तपासणी काढून टाकणार. हरकत कुणाचीच नाही."

पूर्वी एकदा सेन्सर बिघडून एक बाळ भाजता भाजता वाचलं होतं. त्यानंतर ती तपासणी तिनेच घातली होती. तिने बैठकीच्या चॅटमध्ये भराभर टाइप केलं. कुणी पाहिलंच नाही. विषय पुढे गेला होता.

सासूबाईंनी माइक सुरू केला. "थांबा. मी हिची सासू बोलतेय. तुमच्यातल्या एका बाईला ऐकूच येत नाही, आणि तुम्ही म्हणता, हरकत नाही?"

"आम्हाला वाटलं, त्यांना काही म्हणायचं नसतं," गटप्रमुख ओशाळून म्हणाला.

सासूबाईंनी तेही जसंच्या तसं उतरवलं. वाचून तिचे डोळे भरून आले. परक्यांसमोर ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. स्वतःलाच न ऐकू येणाऱ्या आवाजात तिने त्या बाळाची हकिगत सांगितली.

तपासणी राहिली. निर्णय पुन्हा लेखी होऊ लागले. दोघेजण कुरकुरत गट सोडून गेले. आठवड्याभराने एका लांबच्या तंत्रज्ञाचा ईमेल आला. "मी बोलताना अडखळतो. बैठकीत चार महिने तोंड उघडलं नाही. पेटीतल्या पंख्याबद्दल एक शंका आहे, विचारू?"

तिने लगेच लिहिलं, "विचारा ना, भाऊ. सावकाश लिहा."