शेजारचा ब्रेक

मास्तरांनी चपला बाहेर काढून ठेवल्या, नव्या गाडीच्या शेजारच्या सीटसमोर गुडघे टेकले आणि उजवा हात खांद्यापर्यंत डॅशबोर्डखाली घातला. शोरूममधली पोरगी बाजूला हसू दाबत उभी होती. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग ॲव्हरेज विचारतं. आल्या आल्या गाडीपुढे असं लोटांगण घालणारं गिऱ्हाईक तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"काका, काही पडलंय का?"

"पडलं नाही. जागा बघतोय," मास्तर आतून म्हणाले. "बसेल. केबल इथून नेली की आरामात बसेल."

"काय बसेल?"

"ब्रेक."

पोरगीनं स्टिअरिंगखाली वाकून बघितलं. "ब्रेक आहे की, काका."

"तो तिकडचा. मी इकडचा म्हणतोय."

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. गावात आज जे गाडी हाकतात त्यातले निम्मे तरी त्यांची बोलणी खाऊन तयार झालेले. त्यांच्या जुन्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा मास्तरांच्या. स्कूलच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं, 'गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये.' हा नियम मास्तर सोडून सगळ्यांना लागू होता.

मागचं दार वर उचलून मास्तरीणबाई घरून आणलेले रिकामे ट्रे आत लावून बघत होत्या. त्यांना सगळं गाव मास्तरीणबाई म्हणायचं, आणि गंमत अशी की शिकवणं सोडाच, त्यांनी लग्नानंतरचे चार दिवस सोडले तर स्टिअरिंगला हातही लावला नव्हता. निदान मास्तरांची तरी तशी समजूत होती. त्या रोपं करायच्या. टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू. गच्चीवर वाढवायच्या आणि गावाबाहेरच्या नर्सरीला द्यायच्या. जुन्या गाडीचं छत ठेंगणं, त्यामुळे रोपांच्या शेंड्यांना मान खाली घालूनच प्रवास करावा लागे, पण पोचवणारे मास्तर होते. रोपं मागे असली की ते खड्डासुद्धा विचारून ओलांडायचे.

मग एकदा फाटकाचा खांब मध्ये आला. मास्तरांनी तसंच सांगितलं, मध्ये आला म्हणून. खांब घर बांधल्यापासून तिथेच होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की समोरचं ठीक दिसतंय, कडेचं गेलंय, आणि गेलेलं परत यायचं नाही. त्या दिवशी मास्तरांनी गाडीची किल्ली आपणहून खिळ्याला अडकवली आणि स्कूलला कुलूप लावलं. तेव्हापासून रोपं टेम्पोनं जात होती. टेम्पोवाला ट्रेवर ट्रे रचायचा. नर्सरीच्या मालकानं दोनदा सांभाळून घेतलं, तिसऱ्यांदा सांगितलं, "मोडका माल आणायचा असेल तर आणूच नका, वहिनी." त्या रात्री मास्तरीणबाईंनी जेवताना एवढंच म्हटलं की गाडी बदलायची. उंच छताची, रुंद दाराची, कामाची गाडी. यावर दोघांचं एकमत होतं. ती चालवणार कोण, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मास्तरांनी मनातल्या मनात बायकोला शिकवायचं ठरवून टाकलं होतं.

"ट्रे बसतायत का?" मास्तर उठून पँट झटकत म्हणाले.

"बसतायत. रोपं उभी राहिली तरी वर वीतभर जागा उरेल." मास्तरीणबाईंच्या आवाजात किती तरी दिवसांनी समाधान होतं.

"मग झालं तर."

"गाडी दोन्ही तऱ्हेनं मिळेल, काका," पोरगी म्हणाली. "विकत घ्या नाहीतर लीजवर. लीजमध्ये चार वर्षं गाडी तुमच्याकडे, देखभाल आमच्याकडे. मुदत संपली की परत."

"परतच द्यायची तर आपली कशी म्हणायची? विकत घेऊ. आपल्या गाडीत आपण पाहिजे ते करू. ब्रेक बसला की हिला महिन्यात तयार करतो."

मास्तरीणबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. "मुली, लीजच्या गाडीत असा जादा ब्रेक बसवता येतो का गं?"

"छे. साधं एक भोकसुद्धा पाडता येत नाही, काकू. परत घेताना सगळं तपासतात."

"म्हणजे गाडी जशी आली तशीच ठेवायची?"

"अगदी तशीच."

"मग लीजच," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि ट्रे एकात एक घालू लागल्या.

पोरगीनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. नवरा-बायकोचं असलं शांत भांडण तिच्या रोजच्या ओळखीचं असणार. चक्कर मारायच्या गाडीची किल्ली आणते म्हणून ती आत गेली.

"हे काय काढलंस?" मास्तर हळू आवाजात म्हणाले. "तुझ्यासाठीच तर ब्रेक बसवतोय."

"माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी."

"म्हणजे?"

"लग्नानंतर मला शिकवायला घेतलं होतंत. आठवतंय?"

"आठवतंय की. तूच मध्ये सोडलंस."

"सोडलं. का सोडलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत." मास्तरीणबाईंनी ट्रेच्या कडेची माती बोटानं पुसली. "वळण आलं की तुमचा पाय. सायकल दिसली की तुमचा पाय. गाडी थांबायची, पण मी थांबवली की तुम्ही, हे मला एकदाही कळलं नाही."

"थांबायची ना पण?"

"थांबायची. म्हणूनच सोडलं."

खरं सांगायचं तर मास्तरांना भीती वाटली. तो एक ब्रेक होता म्हणून ते आयुष्यभर अनोळखी माणसांच्या हाती जीव देऊन बसू शकले होते. टॅक्सीत ते मागे बसायचे, डोळे मिटून, आणि तरी पुढच्या सीटच्या पाठीला पाय लावून ठेवायचे. इतक्या लोकांना धीर धरायला शिकवलेल्या माणसाचं हे गुपित बायकोला ठाऊक नसतं तरच नवल.

पोरगी किल्ली घेऊन आली. "कोण चालवणार? लायसन्स दाखवायला लागेल."

मास्तरांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तसाच खाली आला. "आज नुसती बघून जातो, बाळ. हिचं अजून लर्निंगसुद्धा काढलेलं..."

मास्तरीणबाईंनी पर्स उघडली आणि लायसन्स पोरगीच्या हातात दिलं.

मास्तरांनी ते तिच्याकडून मागून घेतलं. डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. फोटोतली बाई त्यांचीच होती. "कधी?"

"मागच्या महिन्यात."

"तू तर सकाळी गुडघ्याच्या व्यायामाला जायचीस."

"व्यायामच तो. क्लच दाबून दाबून गुडघा कसा मोकळा झालाय."

पोरगी दुसरीकडे बघायला लागली.

"कुणाकडे शिकलीस?"

"तुमच्याच विद्यार्थिनीकडे. बाजाराच्या कोपऱ्यावर जिनं स्कूल काढलंय, ती."

"तिच्या गाडीला शेजारी ब्रेक आहे," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "मीच उभा राहून बसवून दिलाय."

"आहे ना. तिनं दोनदा दाबला. दोन्ही वेळा आधी सांगून."

मास्तरांना राग आला. मला सांगितलं असतंस तर, असं ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर आपण त्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसलो असतो आणि तिथून बोलत राहिलो असतो, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी लायसन्स पुसल्यासारखं केलं आणि परत दिलं.

मास्तरीणबाई स्टिअरिंगवर बसल्या. सीट पुढे घेतली, मग आरसे लावले, मग पट्टा, आणि किल्लीला हात सगळ्यात शेवटी. हा क्रम मास्तरांचा होता. कोपऱ्यावरच्या त्या विद्यार्थिनीनं तो तसाच उचलला होता. मास्तरांनी तो ओळखला, आणि त्यांना बरंही वाटलं. पोरगी मागे बसली.

गाडी आवारातून बाहेर पडली. पहिल्या वळणालाच मास्तरांचा पाय खालच्या मॅटवर थाडकन आपटला. तिथे काहीच नव्हतं. पुढे एक सायकल आली आणि पाय पुन्हा आपटला. मागे बसलेल्या पोरगीनं मान उंचावून पाहिलं. मास्तरीणबाईंनी पाहिलं नाही. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ओठ घट्ट मिटलेले.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी गाडीचा वेग कमी केला. समोर रस्ता मोकळा होता. आता हिचं काय चुकलं म्हणून मास्तर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्याच बाजूच्या थांब्यावरून एक बस निघाली आणि सरळ त्यांच्या पुढ्यात घुसली. मास्तरांना ती पुढ्यात आल्यावरच दिसली. त्यांचा पाय मॅटवर पोचला तेव्हा गाडी कधीच बसच्या मागे, चांगलं अंतर सोडून, सावकाश चालली होती.

मास्तर पुढचा बराच वेळ त्या बसच्या मागच्या काचेकडे बघत राहिले.

चौकात लाल दिवा लागला. गाडी रेषेच्या अलीकडे थांबली, धक्का न देता. मास्तरांनी आधी रेषेकडे पाहिलं, मग खाली आपल्या पायाकडे. तो अजून मॅटवर रेटलेलाच होता. त्यांनी वाकून चपला काढल्या आणि सीटखाली सरकवल्या. मग पट्टा जरा सैल करून त्यांनी एक पाय वर घेतला, मग दुसरा, आणि घरी टीव्हीसमोर बसतात तशी सीटवर मांडी घातली. सीट रुंद होती, छतही उंच होतं, मांडी चांगली बसली.

मास्तरीणबाईंनी एकदाच तिकडे पाहिलं. दिवा हिरवा झाला तशी त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी चौक ओलांडून गेली.

"मग काका," पोरगीनं मागून विचारलं, "काय धरू? लीज की विकत?"

"ड्रायव्हरला विचार," मास्तर समोर बघत म्हणाले. "पण आत्ता नको. गाडी चालू आहे."