पायाखालचा नवा अंक

मी एक जुना अंक आहे. मित्रांनो, एवढे म्हणतानाच माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अंकाला तळपाय नसतो हे मला ठाऊक आहे, आणि मस्तक तर माझे फाडूनच घेतले आहे, तरीही जाते. कारण जुने व्हायला आधी नवे असावे लागते, आणि मला नवेपणाचा एक दिवससुद्धा मिळाला नाही.

चित्रकथा, खेळणी आणि अंतराळातल्या गोष्टी यांचे वेड असलेल्या माणसांसाठी एक मासिक निघते. मी त्याचाच अंक. आमच्यात नवेपणाला फार मान असतो. पुस्तकाचे बरे असते, ते कपाटात वर्षानुवर्षे पुस्तकच राहते. आम्ही महिनाभराचे राजे. नवा अंक दुकानात लागला की लोक आधी त्याचा वास घेतात. गेल्या महिन्यात कड्यावर लोंबकळत सोडलेल्या नायकाचे पुढे काय झाले ते उभ्या उभ्याच पाहतात, आणि दुकानदार खाकरला की मुकाट्याने पैसे काढतात. महिना संपला की आम्ही ‘मागचा अंक’. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो एक महिना माझ्या हक्काचा होता.

जन्म माझा चांगल्या घरात झाला. छापखान्यात चार रंग एकामागून एक माझ्या अंगावरून गेले, यंत्राने कडा सरळ कापल्या, पाठीत दोन पिना बसल्या. मुखपृष्ठावर पत्र्याचा लाल यंत्रमानव होता. त्याच्या हातात त्याच्या स्वतःच्याच पाठीची चावी होती आणि ती लावायची कशी या विचारात तो पडला होता. त्याला पाहून छापखान्यातली माणसेही हसत. पण मला खरा अभिमान होता तो वाचकांच्या पानाचा. त्या पानावर एका अंतराळयानाचा फोटो होता. सगळे यान बटणांचे! अंगाला शर्टाची पांढरी बटणे, खिडक्यांना कोटाची काळी, शेपटीला रिकामी रिळे, आणि नाकाच्या जागी शिवताना बोटात घालतात ते पितळी अंगुस्तान. फोटोखाली संपादकांनी लिहिले होते, ‘हे यान करणाऱ्या ताईंनी आम्हाला लगेच कळवावे. येत्या वर्षी दर महिन्याला एक खेळणे त्यांनीच वाचकांना शिकवावे, अशी आमची इच्छा आहे.’

आता या संपादकांची एक खोड सांगतो. ते कोणालाही टपालाने उत्तर देत नसत. जे काही सांगायचे ते वाचकांच्या पानावर. टपालखर्च वाचतो, आणि उत्तर शोधायला माणूस अंक विकत घेतो. हुशार माणूस! त्या हुशारीचाही मला राग आहे. आदल्या अंकात त्यांनी त्या ताईंसाठी एकच ओळ छापली होती. ‘बटणांच्या यानाचा फोटो मिळाला. पुढच्या अंकात पाहा.’ तो पुढचा अंक म्हणजे मी.

त्या ताईंच्या गावात आमचे मासिक मागवणारे दुकान एकच होते. दुकानदाराचे खरे नाव काय असेल ते असो, मी त्याला आरामराव म्हणतो. माणूस बुटका, स्टूल उंच. तिथे बसून तो उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी दुकानदारी करत असे. पाय टेकायला त्याने खाली एक लाकडी पाट ठेवला होता, तो नेमका आदल्या दिवशी मोडला. दुपारी आमचा गठ्ठा आला. खाकी कागदात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला, आत आम्ही सगळे भाऊ. आरामरावाने तो पायानेच काउंटरखाली सरकवला, त्यावर टाचा ठेवल्या, आणि ‘आहा!’ म्हणाला. उंची अगदी बेताची होती. मग तो आम्हाला विसरून गेला.

मित्रांनो, विसरण्याचा मला राग नाही. विसरतात माणसे. पुढचे ऐका.

त्याच संध्याकाळी एक बाई दुकानात आली. दंडावर टाचण्यांची छोटी गादी बांधलेली, बोटात अंगुस्तान तसेच राहून गेलेले. ती शिवणाच्या दुकानात काज-बटणांचे काम करत असे. बटणांची खेळणी करते म्हणून तिथली माणसे तिला बटणताई म्हणत.

“काका, नवा अंक आला का?”

“नाही आला.”

“आज यायचा होता.”

“अहो ताई, आला असता तर दिसला असता. तो बघा स्टँड. दिसतोय का?”

“नाही.”

“मग? लपवून ठेवून मला काय करायचंय?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा पायाखाली होता! मी जिवाच्या आकांताने ओरडलो. कागदाचे ओरडणे ते काय, नुसती सळसळ. “उंदीर झाले वाटतं,” असे म्हणून आरामरावाने माझ्यावर पाय आपटला.

ती रोज येऊ लागली. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर, आणि उत्तर देताना हा गृहस्थ एकदाही खाली वाकला नाही. एके दिवशी तिच्याबरोबर त्यांच्या दुकानात तुरपाई करणारी मावशी आली.

“छापून येणार होतं ना तुझं? बघू तरी,” मावशी म्हणाली.

“अंकच आला नाही अजून.”

“येईल गं, येईल. पुढच्या जन्मी.”

मावशी हसली. आरामरावही हसला. हसताना त्याचे पाय हलले आणि सुतळी माझ्या अंगात रुतली. तिचा वळ माझ्यावर अजून आहे.

महिना संपला आणि वितरकाचा माणूस नवा गठ्ठा घेऊन आला. आमच्या धंद्यात एक रीत आहे. न खपलेले अंक वजनाला जड, ते परत न्यायला परवडत नाहीत. म्हणून दुकानदाराने नुसती मुखपृष्ठे फाडून परत द्यायची, की तेवढ्या अंकांचे पैसे त्याला भरावे लागत नाहीत. उरलेला अंक लगद्याच्या कारखान्यात पाठवायचा. तो माणूस म्हणाला, “मागचा हिशेब करू. किती उरले?” तेव्हा कुठे आरामराव वाकला. गठ्ठा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. एक वाक्य बोलायचे होते हो! ‘माझ्याकडून गठ्ठा सोडायचाच राहिला.’ बस. पण ते बोलायला जीभ उचलली पाहिजे.

“एकही खपला नाही,” तो म्हणाला. “इथल्या लोकांना वाचनाची आवडच नाही हो.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्याने पाठीवर लोखंडी पट्टी दाबली आणि आमची तोंडे एकेक करून फाडली. चावी घेतलेला माझा लाल यंत्रमानव गेला. तो एकाही वाचकाला हसवायच्या आतच गेला. वितरकाचा माणूस म्हणाला, “एकही खपत नसेल तर टाकू कशाला?” आणि नवा गठ्ठाही परत घेऊन गेला. त्या दिवसापासून आमचे मासिक त्या गावात यायचे बंद झाले.

संध्याकाळी ती आलीच.

“ते मासिक बंद पडलं, ताई.”

“बंद? असं कसं?”

“चालत नव्हतं. कोण वाचतं हल्ली?”

ती स्टँड उगाच फिरवत राहिली. आमचा कप्पा रिकामा होता. “पण मला तर लिहिलं होतं, पुढच्या अंकात पाहा म्हणून.”

“असं सगळ्यांनाच लिहितात,” आरामराव म्हणाला.

विसरला, ते मी सोडले. खोटे बोलला, तेही एखादे वेळी सोडीन. पण हे वाक्य मी सोडणार नाही. तिच्यासाठी छापलेली ओळ माझ्या पोटात होती, मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो, आणि हा माणूस तिला सांगत होता की तुझे काही विशेष नाही.

आम्हाला लगद्याला पाठवण्याऐवजी त्याने रद्दीत विकले. चार पैसे तेवढेच. रद्दीवाल्याकडून माझे बाकीचे भाऊ शेवटी लगद्यालाच गेले. मला मात्र एका चष्मेवाल्या माणसाने उचलले, कागद चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाला, “जाड आहे. साचे चांगले होतील.” हे शिवणाच्या दुकानातले मास्तर. म्हणजे मी कुठे चाललो होतो ते तुमच्या लक्षात आले असेल. मी तर आनंदाने वेडा व्हायचा बाकी होतो. वाटले, आता ती मला उघडणार!

कसले काय. सकाळी बाकीचे यायच्या आत मास्तरांनी माझ्या पिना काढल्या. चित्रकथेची पाने बाह्यांच्या साच्यात गेली, खेळण्यांची माहिती कफात गेली. वाचकांच्या पानावर त्यांनी शर्टाच्या खिशाचा आकार ठेवला आणि कात्री चालवली. यानाचे नाक कात्रीच्या पलीकडे राहिले आणि केराच्या टोपलीत पडले. मग खळ लावून दोन्ही बाजूंनी खाकी कागद चिकटवला. मास्तर चष्मा लावूनही कापायची रेघ तेवढी पाहतात, रेघेच्या आतले काही पाहत नाहीत. मी खिशाचा साचा झालो.

आणि तो साचा रोज तिच्याच हातात असे. खिशाच्या झाकणावर काज कुठे घ्यायचे ते ती मला ठेवून खडूने आखत असे. तिची बोटे माझ्यावर, मध्ये फक्त एक खाकी कागद. आतून मला सगळे ऐकू येई. मावशीचे टोमणे ऐकू येत. “काय बटणताई, आली का बातमी?” सुरुवातीला ती हसून उत्तर द्यायची. मग नुसतीच हसायची. मग तेही थांबले.

एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला जुन्या पद्धतीचे काळे बटण हवे होते. कुठे मिळेना. दुसऱ्या दिवशी तिने ते घरून आणले.

“यानाचं काढलंस की काय?” मास्तरांनी विचारले.

“कशाला ठेवायचं? त्या खेळण्याचं काय करायचंय आता?”

मग लागेल तसे ती एकेक बटण आणत गेली. खिडक्या गेल्या, अंग गेले. त्या गावात फक्त माझ्या पोटात ते यान शिल्लक राहिले, तेही बिननाकाचे. मला तेव्हा रडू यायला हवे होते. मला रागच आला.

एक दिवस इस्त्रीसाठी शिंपडलेले पाणी माझ्यावर उडाले. खळ भिजली आणि खाकी कागदाचा कोपरा सुटला. नवा चिकटवायचा म्हणून ती जुना सोलू लागली. सोलता सोलता थांबली. मग सावकाश, काज उसवताना जपतात तशी जपत, तिने पूर्ण कागद काढला.

मशीनचा आवाज बंद पडला. मावशी उठून आली आणि तिच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. “अगं, हे तुझंच की,” ती म्हणाली. फोटोखालची ओळ तिरपी कापली गेली होती, पण वाचता येत होती. ‘येत्या वर्षी दर महिन्याला एक खेळणे त्यांनीच वाचकांना...’ बटणताईने ती मोठ्याने वाचली. ते येते वर्ष आता सरत आले होते.

“मी कापलं गं,” मास्तर म्हणाले. “माझी चूक झाली. पाहिलंच नाही मी.”

बघा! एवढेच असते. एवढे म्हणायला त्यांना क्षणभरही लागला नाही. मग त्यांनी सांगितले की रद्दीवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे ती कोपऱ्यावरच्या दुकानाची रद्दी होती, याच अंकाचा अख्खा गठ्ठा होता, आणि सगळ्यांवर सुतळीचे वळ होते.

ती मला हातात घेऊन निघाली. कात्री गळ्यात तशीच लटकत होती. आरामराव स्टुलावर होता. तिने मला त्याच्यासमोर ठेवले. त्याने पाहिले, ओळखले, आणि नजर चोरली.

“जुना अंक आहे हा, ताई. आता काय त्याचं?”

“नवा होता तेव्हा मी रोज येत होते, काका.”

आरामरावाने पाय हलवले. पाय हलले तशी तिची नजर खाली गेली. काउंटरखाली एक गठ्ठा होता, खाकी कागदाचा, सुतळी बांधलेला, आणि त्यावर त्याच्या टाचा. ती वाकली आणि गठ्ठा ओढून घेतला. आरामराव काउंटर धरून लोंबकळला, आमच्या चित्रकथेतल्या नायकासारखा. तिने कात्रीने सुतळी कापली. लहान मुलांच्या चित्रकथांचे नवे अंक होते. तिने ते एकेक करून स्टँडवर लावले, मुखपृष्ठे पुढे करून, आणि स्टँड त्याच्याकडे फिरवला.

“आता दिसतोय का?” ती म्हणाली. “आणि माझं ते मासिक मागवा. बंद पडलेलं नाही ते. मी रोज येऊन विचारणार आहे.”

ती रोज विचारते. मला मात्र तुम्हाला गोड शेवट सांगता येणार नाही. नवे अंक येऊ लागले, त्यांत आता दुसरेच कोणी आगपेट्यांची खेळणी शिकवते. तिची जागा गेली ती गेली. ते वर्ष कोणी परत देणार नाही, आणि आरामरावाने अजून ‘चुकलो’ म्हटलेले नाही. माझा राग म्हणूनच तसाच आहे.

तिने पुन्हा बटणे जमवायला घेतली आहेत. मावशी आपल्या डब्यातली आणून देते. मला समोर टेकवून ती यान जुळवते. पण नाक माझ्यावर नाही, ते तिला आठवून करावे लागले. काल तिने बोटातले अंगुस्तान काढले आणि तिथे बसवून पाहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारखे सगळेच तुम्हाला सांगतात. मी नाही सांगणार. मला जपून आता काय होणार आहे? तुम्ही नव्या अंकाची सुतळी सोडा. आणि दारात उभे राहून कोणी तुम्हाला काही मागितले, तर ‘नाही’ म्हणण्याआधी एकदा वाका आणि आपल्या पायाखाली काय आहे ते बघा.