निळ्या दिव्यांखालची हळद

बिरदेव आण्णांना दोनच गोष्टींचा अभिमान होता. एक आपली मिशी आणि दुसरी आपली नजर. साठी यायच्या आतच मिशी पांढरीफटक झाली, तेव्हापासून सगळा अभिमान नजरेत जाऊन बसला. बापजाद्यांनी मेंढरं राखली, पण आण्णांनी सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ हळदीचं दुकान टाकलं. चिमूट तळहातावर घ्यायची, अंगठ्याने रगडायची, एकदा बघायचं आणि माल कसा आहे ते सांगून मोकळं व्हायचं. ते कधी चुकत नसत, हे खरं. ते दिवसातून दहा वेळा सांगत, हेही खरं.

पुतणी अपेक्षाची हळद पलूसच्या एका कार्यालयात होती. धाकटा भाऊ गेल्यापासून पोरीचं सगळं आण्णांनीच केलेलं. तिच्या लग्नात कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तिचा भाऊ विश्वजित मात्र आपल्या डोक्याने चालला होता. भर दुपारी हॉलचे पडदे ओढून त्याने आत सगळीकडे निळे दिवे लावले. फोटो लय भारी येतात म्हणे.

आण्णा आचाऱ्याशी हुज्जत घालून आत आले आणि पाटावर बसलेल्या अपेक्षाकडे बघून जागच्या जागी थबकले.

“पोरीला काळी साडी कुणी नेसवली?” त्यांनी बायकोला, तानुबाईंना दबक्या आवाजात विचारलं. “हळदीला काळं?”

“आवं, पिवळी हाय ती. तुमीच न्हवं का दुकानाबाहीर उन्हात धरून बघितली?”

“ही पिवळी हाय व्हय?”

“लायटीनं दिसत आसंल तशी.”

“लाईट उजेड देती. रंग बदलाय ती काय रंगारी हाय?”

तानुबाईंनी पदर सावरला आणि त्या कामाला लागल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात आण्णांच्या नजरेशी वाद घालायचा नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

एवढ्यात नवरदेवाकडची पाटणची मंडळी आली. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद मुलीकडे आणायची आणि तीच तिच्या अंगाला लावायची, ही रीत. नवरदेवाचे मामा लालासाहेब डबा घेऊन पुढे झाले आणि त्यांनी झाकण काढलं. आत तव्याच्या बुडासारखं काळं काहीतरी कालवलेलं होतं.

बायकांत कुजबुज सुरू झाली. या घरात हळद म्हणजे नुसती हळद नव्हे, देवाचा भंडारा. आण्णांनी बाह्या सरसावल्या, बोटभर हळद तळहातावर घेतली आणि अंगठ्याने रगडली. वास घेतला, हळदीचा होता. जिभेला लावून बघितली, हळदच लागली. मग हात डोळ्यांसमोर धरला, तर काजळी. नाक आणि जीभ एका बाजूला, डोळे दुसऱ्या बाजूला. आण्णांनी डोळ्यांच्या बाजूने निकाल दिला.

“भेसळीचा माल हाय,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आमच्या पोरीच्या अंगाला ही हळद लागायची न्हाई. असला माल इकणाऱ्याला भर चौकात उभा करून इचारलं पायजे.”

कुणीतरी गाणी बंद केली. लालासाहेब कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“इचारूया की, पाव्हणं,” ते शांतपणे म्हणाले. “सुपारी फुटली त्या दिवशी तुमच्याच दुकानातनं न्हेली. तुमीच हातानं बांधून दिलीसा.”

आण्णांची चांगलीच पंचाईत झाली. हळद वाईट म्हणावी तर दुकानाची अब्रू गेली. चांगली म्हणावी तर नजर गेली.

“उष्टी हळद माघारी न्यायची म्हंजे लगीन मोडल्यावाणीच हाय,” लालासाहेब म्हणाले. “तुमी सांगा, आमी निघतो.”

आण्णांनी पाटाकडे बघितलं. दुकान आणि नजर राहिली बाजूला, पाटावरची पोर रडवेली झाली होती, आणि तेही त्यांच्यामुळे.

अपेक्षाच शेवटी पाटावरून उठली. तिने एका हातात डबा घेतला, दुसऱ्या हाताने आण्णांचं मनगट धरलं आणि त्यांना ओढत थेट बाहेर अंगणात उन्हात नेलं. मागोमाग सगळं वऱ्हाड आलं.

उन्हात तिची साडी झेंडूसारखी पिवळी होती. डब्यात पिवळीधमक हळद होती. आण्णांचा तळहातही पिवळा होता, अंगठाही, आणि चाखून बघितल्यामुळे जिभेचं टोकही.

“मग?” लालासाहेबांनी विचारलं. “चुकलं कुणाचं?”

विश्वजित शेजारीच मान खाली घालून उभा होता. सगळं त्याच्या दिव्यांवर ढकलता आलं असतं. आण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग अपेक्षाकडे बघितलं.

“माझ्या नजरेचं,” ते म्हणाले. “हळद चोख हाय, पाव्हणं चोख हायत. मीच फसलो. चला आत, लावा पोरीला.”

लालासाहेब खो खो हसले. अपेक्षाने डोळे पुसले आणि दंड म्हणून डब्यातली ओली हळद आण्णांच्या पांढऱ्या मिशीला या टोकापासून त्या टोकापर्यंत फासली. आण्णांनी मान पुढे करून फासून घेतली.

सगळे आत आले. विश्वजित दिवे बंद करायला बटणांकडे निघाला. तानुबाईंनी सहज नवऱ्याकडे बघितलं आणि त्या बघतच राहिल्या. निळ्या उजेडात आण्णांची मिशी काळीभोर झाली होती.

“आवं,” त्या हळूच म्हणाल्या, “आपल्या वरातीत दिसला हुता तसं दिसाय लागलाय.”

आण्णांनी तानुबाईंचा मोबाईल घेऊन त्याच्या कॅमेऱ्यात तोंड बघितलं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मिशीचं एक टोक पीळ देऊन वर केलं.

“विश्वजित,” त्यांनी हाक मारली, “दिवे ऱ्हाऊ देत रं. फोटो लय भारी येत्यात.”