बारावा विद्यार्थी

"सर येणार आहेत, की आम्ही इथंच म्हातारं व्हायचं?" डॉटीने मागच्या बाकावरून विचारलं. "अर्ल तर आधीच झालाय!"

सगळे हसले. लोरेनही हसली, पण तिची नजर दारावर होती. ही सगळी माणसं तिने गोळा केली होती. बारा डोकी भरली नाहीत तर वर्ग रद्द, हा कॉलेजचा नियम. ओहायोतल्या त्या लहानशा गावात संध्याकाळी लोक वेल्डिंग शिकायला येत, नर्सिंगला येत. मानव्यविद्येकडे कुणी ढुंकून बघत नसे. ती शिकवणारे कॅल्डवेल सर मे महिन्यात म्हणाले होते, "लोरेन, गाव तुमचं ऐकतं. बघा ना जरा."

शाळेच्या खानावळीत पोरांच्या ताटात कुस्करलेले बटाटे वाढत तिची उमर गेली. त्यांच्या आधीच्या वर्गात "तुम्हाला काय वाटतं?" असं तिला विचारणारा हा पहिलाच माणूस. मग काय, बाई उन्हाळाभर दारोदार फिरली. हा वर्ग झाला की तिला पदवी मिळणार होती. पण खरी ओढ त्या प्रश्नाची होती. शेवटी बाराला एक कमी पडला, म्हणून तिने शेजारच्या अर्लला गळ घातली. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्या म्हाताऱ्या ट्रकवाल्याने गाडी चालवणं सोडलं होतं. "मी नेईन, मी आणेन," ती म्हणाली, तेव्हा कुठे तो तयार झाला.

दार उघडलं. ऑफिसातली मार्सी आत आली आणि भांबावली.

"अगंबाई, तुम्हाला कुणी कळवलं नाही? वर्ग बंद झाला. सरांना कोलंबसला कायमची नोकरी लागली ना."

"कधी?" लोरेनने विचारलं.

"गेल्या आठवड्यात सोमवारीच सांगितलं त्यांनी आम्हाला. म्हणाले, विद्यार्थ्यांशी मी बोलतो."

"त्यानंतर शुक्रवारी चर्चच्या जेवणात होता की तो!" अर्ल म्हणाला. "माझा हात हातात घेऊन म्हणाला, भेटू गुरुवारी."

तळलेला मासा लोरेननेच वाढला होता त्याला, दोनदा. तोंडावर खोटं बोलला, आणि तिच्या हातचं खाऊन बोलला.

"तुझ्या शब्दावर मी कामावरची पाळी बदलून घेतली, लोरेन," डॉटी पर्स उचलत म्हणाली. "पुन्हा मला असलं काही सांगत येऊ नकोस."

बाकीचे तिच्याकडे न बघताच बाहेर पडले. तेच जास्त लागलं.

गाडीत अर्ल नवं पुस्तक मांडीवर घेऊन बसला. लोरेन किल्ली लावणार तोच फोन वाजला. सरांचा निरोप होता. तिने वाचला, पुन्हा वाचला.

"माफी मागतोय?" अर्लने विचारलं.

"नाही. नव्या कॉलेजात त्याची ओळख छापताहेत. जुन्या विद्यार्थिनीचे चार चांगले शब्द हवेत म्हणे. तुम्ही छान लिहिता, म्हणतोय."

"आणि वर्गाचं?"

"चकार शब्द नाही."

अर्लने ट्रकवाल्याला शोभेल अशी शिवी हासडली. "मग आता लिही त्याला चार सणसणीत!"



"सणसणीत नाही, चांगलेच शब्द सुचताहेत हो, अर्ल," ती म्हणाली. "शिकवायचा फार सुंदर, मेला."

तिने फोन बंद केला, डोळे पुसले आणि अर्लला पट्टा लावायला सांगितलं.